वाढवल्याशिवाय रेणू हाती येत नाही : सागरी सूक्ष्मजीव प्रकल्पांच्या निधी समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
सागरी सूक्ष्मजीव प्रकल्पांना निधी मंजूर करणारी समिती

सविनय नमस्कार.

पुढच्या फेरीसाठीच्या आपल्या सुधारित अटी आम्ही नीट वाचल्या. प्रकल्पाची मुदत तीन वर्षांवरून दीड वर्षावर आली आहे. ‘संवर्धन’, म्हणजे जीव प्रयोगशाळेत वाढवणं, हे खर्चाचं स्वतंत्र सदर काढून टाकलं आहे. रेझिन (रेणू शोषून घेणारे मणी), सॉल्व्हंट (विद्रावक) आणि समुद्राचं पाणी आणण्याचा खर्च ‘किरकोळ’मध्ये ढकलला आहे आणि किरकोळ खर्चाला मर्यादा घातली आहे. प्रकल्प संपल्यावर कल्चर (वाढवलेले जीव) सांभाळणं ही ‘संबंधित संस्थेची जबाबदारी’, अर्थात पैशाविना. आणि प्राधान्य जनुकक्रमावर (जिवाच्या डीएनएच्या वाचनावर) आधारलेल्या प्रस्तावांना. या पाच अटी शेजारी शेजारी ठेवल्या की अर्थ एकच निघतो: समुद्रातले जीव वाढवण्याचं संथ, खारट, उग्र वासाचं काम बंद करा, क्रम वाचा, औषधाचा रेणू संगणक सांगेल.

आम्ही कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळांत हेच काम, म्हणजे समुद्रातले सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्यातून औषध ठरू शकणारे रेणू शोधण्याचं काम, करणारे संशोधक, तंत्रज्ञ आणि पीएचडीचे विद्यार्थी आहोत. या अटी लागू झाल्या तर आमच्यातल्या काहींचं काम जाईल, काहींचे प्रबंध अडकतील. हा आमचा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. पण गोष्ट तेवढीच असती तर साधा अर्ज केला असता. पत्र उघड लिहिलं कारण पैसा लोकांचा आहे आणि ज्या गाळातून हे जीव येतात तो किनाराही लोकांचाच आहे.

जनुकक्रमाला आमचा विरोध नाही. आम्हीही रोज तेच वाचतो. २००७ मध्ये सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या सागरी अॅक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूचा पूर्ण जीनोम (सगळा डीएनए) प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा जवळपास दहावा हिस्सा नैसर्गिक संयुगं घडवणाऱ्या जनुकांनी व्यापलेला दिसला. अशा जनुकांचे एकूण १७ संच, आणि त्यातल्या बहुतेकांचा रेणू तोवर कुणाच्या हाती आलेला नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड काठोकाठ भरलेला असतो आणि पोहरा रिकामा वर येतो. संच कधी जागा होईल हे लोह किती, ब्रोमाइड आहे का, शेजारी दुसरा कोणता जीव आहे, कल्चर कितव्या दिवसात आहे, यावर ठरतं. म्हणूनच तोच स्ट्रेन (जिवाणूचा वाण) पाच-सहा वेगळ्या माध्यमांत (वाढीसाठीच्या खाद्यमिश्रणांत), वेगळ्या हवेत, वेगळ्या तापमानात वाढवून पाहावा लागतो. क्रम वाचून हे आधी सांगता येत नाही.

संच उचलून सोयीच्या यजमानात, म्हणजे सहज वाढणाऱ्या दुसऱ्या जिवात, घालावा, असं समितीतले काही सदस्य म्हणतील. तसंही होतं. २०१४ मध्ये सॅक्करोमोनोस्पोरा या जिवाणूच्या एका सागरी स्ट्रेनमधला ६७ किलोबेसचा (डीएनएच्या ६७ हजार अक्षरांचा) संच यीस्टच्या मदतीने उचलून स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूत बसवला गेला, वाटेतला एक नियंत्रक जनुक काढला, तेव्हा टॅरोमायसिन हे प्रतिजैविक मिळालं. काम उत्तम होतं. पण तो डीएनए वाढवलेल्या स्ट्रेनमधूनच आला होता आणि रेणूही शेवटी फ्लास्कमध्येच तयार झाला.

वाढवता येत नाही तेव्हा काय होतं, याची उदाहरणं आपल्या विषयात कमी नाहीत. ब्रायोस्टॅटिन या कर्करोगावर तपासलेल्या रेणूसाठी बुगुला हा सागरी प्राणी सुमारे १४ टन गोळा करावा लागला आणि हाती १८ ग्रॅम आले. तो रेणू बनवणारा सहजीवी जिवाणू वेगळा वाढवता आलेला नव्हता. ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगावरच्या औषधाचंही मूळ असिडियन गटातल्या एका सागरी प्राण्याच्या शरीरातल्या, प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जिवाणूत आहे. २००७ मध्ये युरोपात मान्यता मिळालेलं हे औषध आज बाजारात आहे, कारण स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स या सहज वाढणाऱ्या जिवाणूकडून सॅफ्रॅसिन बी काढून त्याचं रूपांतर करता येतं. म्हणजे तिथेही गाडी फ्लास्कपाशी येऊनच पुढे गेली. सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकांचं घराणं तर १९४५ मध्ये सार्डिनियातल्या काल्यारी इथे सांडपाणी समुद्राला मिळतं त्या जागेच्या पाण्यातून वाढवलेल्या एका बुरशीपासून सुरू झालं.

आता एकेका अटीबद्दल.

दीड वर्षाची मुदत. गाळ आणायचा तर पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत होडी मिळत नाही, मासेमारीबंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. ऑक्टोबरात नमुना आणला तर लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) रात्रभर सुकवून, निर्जंतुक फोमचा बोळा त्यावर दाबून, तोच बोळा प्लेटवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-नऊ वेळा टेकवत जातो. पहिल्या ठशापासून शेवटच्या ठशापर्यंत जिवांची संख्या आपोआप विरळ होत जाते. दुसरा मार्ग म्हणजे एक भाग गाळ, चार भाग निर्जंतुक समुद्राचं पाणी, ५५ अंश सेल्सिअसला सहा मिनिटं. या उष्णतेत घाईने वाढणारे बरेच जिवाणू मरतात आणि बीजाणू धरून बसलेले अॅक्टिनोमायसीट तगतात. बुरशी दाबायला माध्यमात दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड. मग थांबायचं. पहिल्या आठवड्यात दिसतात त्या बहुतेक बॅसिलसच्या पसरट कॉलनी. सॅलिनिस्पोरासारखे केशरी, चिवट, अगारात (प्लेटमधल्या जेलीत) रुतलेले ठिपके दोन ते सहा आठवड्यांनी दिसतात, काही त्याहून उशिरा. प्लेट तीन महिने ठेवतात ती याच कारणाने.

पुढे कॉलनी शुद्ध करायला दोन महिने, १६एस जनुकावरून ओळख पटवायला एक, लहान फ्लास्कमधून अर्क काढून तपासायला दोन, २० लिटरच्या वाढीला दीड-दोन, रेणू वेगळा करायला तीन, रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्राच्या रांगेत एक. एकही कल्चर बिघडलं नाही, रेणू वेगळा करणारा एकही स्तंभ फुकट गेला नाही आणि रेझिनच्या खरेदीची फाइल कुठल्याच टेबलावर अडली नाही, असं धरून बेरीज वर्षाच्या वर जाते. आजवर कुठल्याच प्रयोगशाळेत या तिन्ही गोष्टी एका वर्षात जुळून आल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. जपानी गटाने नानकाई खंदकाजवळ २५३३ मीटर खोलीवरून २००६ मध्ये आणलेल्या गाळातून आर्किआ या जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या एका सूक्ष्मजीवाचं कल्चर मिळवायला बारा वर्षं दिली. तो शोधनिबंध २०२० मध्ये आला. बारा वर्षं मागायला आम्ही आलेलो नाही. छत्तीस महिने होते, ते काढू नका एवढंच.

समुद्राच्या पाण्याला ‘किरकोळ’ म्हणणं आम्हाला सर्वांत जास्त खटकलं. मांडवी-जुवारीच्या मुखांवर पावसाळ्यात वरच्या थरातलं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि गाळाने भरतं. त्या काळात किनाऱ्यावरून कॅन भरून आणलं तर खारेपणा हजारी ३५ च्या जागी काहीही असू शकतो. म्हणून मे संपायच्या आत किनाऱ्यापासून दूर जाऊन, आम्लाने धुतलेल्या कॅनमध्ये पाणी भरून, अंधारात काही आठवडे मुरवून, गाळून ठेवावं लागतं. एका मोठ्या कामाला काही शे लिटर लागतात. त्याला होडी लागते, जागा लागते आणि कॅन उचलणारी दोन माणसं लागतात. तयार कृत्रिम मीठ वापरा, असं सुचवलं जातं. वापरतो, पुष्कळ कामांना ते चालतं. पण मिठाची बॅच बदलली की सूक्ष्म धातूंचं प्रमाण बदलतं आणि कधी कधी त्याबरोबर रेणूचं उत्पादनही. सॅलिनिस्पोराला तर गोडं पाणी सोसतच नाही. पेशीबाहेरचा दाब एकदम उतरला तर तो सावरून घेणारा एक पडद्यातला मार्ग त्याने जीनोममधून गमावलेला आहे.

माध्यमाचंही तेच. तयार मिळणाऱ्या झोबेल २२१६ या माध्यमात दर लिटरला पाच ग्रॅम पेप्टोन आणि एक ग्रॅम यीस्ट अर्क असतो. खुल्या समुद्राच्या वरच्या पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास. हजारो पट खाद्य समोर आलं की समुद्रात उपाशी राहायला शिकलेले जीव गप्प बसतात आणि हावरे प्लेट व्यापतात. एका मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. प्लेटवर त्यातला हजारावा हिस्साही उगवत नाही. २००२ मध्ये सार११ या समुद्री जिवाणूंच्या गटातला जिवाणू अखेर वाढला तो जवळजवळ नुसत्या निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात, इतकं पातळ करून की एका खाच्यात मोजके जीव पडावेत. त्याच वर्षी एका गटाने गाळातले जीव ०.०३ मायक्रॉन छिद्रांच्या दोन पडद्यांत बंद करून पुन्हा गाळावर ठेवले आणि एरवी प्लेटवर न येणारे जीव तिथे वाढले. हे सगळं करायला पातळ माध्यमं, पडदे, टाक्या आणि महिने लागतात. आपल्या नव्या तक्त्यात यातल्या कशालाच रकाना नाही.

एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती तपासणीसाला फालतू वाटते. अगार आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जीव उगवतच नाहीत. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये हे नीट दाखवलं. शिवाय समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेटबरोबर साका धरतं, तो वेगळाच ताप. उपाय सोपा आहे: फॉस्फेट वेगळ्या बाटलीत १२१ अंशाला, अगार वेगळ्या बाटलीत, थोडं निवल्यावर एकत्र. म्हणजे ऑटोक्लेव्हच्या जास्त फेऱ्या, जास्त वीज, जास्त बाटल्या. प्लेटमध्ये १५ मिलिलिटरऐवजी २५ मिलिलिटर माध्यम ओततो तेही चैन म्हणून नाही. तीन महिन्यांत पातळ प्लेट अर्धी सुकते, खारेपणा दुप्पट होतो, कडेला मिठाचे स्फटिक दिसायला लागतात, आणि मग जे उगवत नाही ते माध्यमामुळे की मिठामुळे, हे कुणी सांगू शकत नाही.

रेझिनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अंदाजपत्रकात काट मारताना पहिला हात तिथेच पडलेला दिसतो.

समुद्री जिवाणू रेणू बनवतो तो बहुधा बाहेर, माध्यमात सोडतो. तो तिथे विरळ असतो, कधी पाण्यात मोडतो, कधी जीव स्वतःच तो परत खाऊन टाकतो. त्याला पकडायला एक्सएडी-७ किंवा एचपी-२० या रेझिनचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे मणी कल्चरमध्ये टाकतात. प्रमाण लिटरला २० ग्रॅम. २० लिटरला ४०० ग्रॅम, आणि दहा स्ट्रेन मोठ्या प्रमाणावर वाढवायचे तर चार किलो. नवं रेझिन तसंच टाकता येत नाही. मेथॅनॉलमध्ये रात्रभर भिजवून, भरपूर पाण्याने धुवून, ओलंच ऑटोक्लेव्ह करावं लागतं; नाहीतर कारखान्यातून आलेली मोनोमरची घाण अर्कात उतरते आणि क्रोमॅटोग्रामवर (अर्कातले घटक वेगळे दाखवणाऱ्या आलेखावर) सुंदर शिखर होऊन दिसते. कधी टाकायचं हाही निर्णय असतो. सॅलिनिस्पोराने बनवलेल्या सॅलिनोस्पोरामाइडसारखा बीटा-लॅक्टोन गटातला रेणू पाण्यात उघडून निकामी होतो, म्हणून वाढ चालू असतानाच टाकतात. टिकाऊ रेणूंसाठी शेवटचे दोन तास पुरतात. शेकर २३० फेऱ्यांवर आणि फ्लास्कला आतून खाचा असल्या तर मणी घासून त्यांची पूड होते आणि गाळणी तुंबते. फेस आला म्हणून सिलिकोनचं फेसनाशक ओतलं, तर पुढे मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंची वजनं दाखवणाऱ्या आलेखात) जिवाणू कमी आणि सिलिकोनच जास्त दिसतं.

मग धुणं. २० लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ७०० ग्रॅम मीठ असतं. त्यातून निघणारा कच्चा अर्क असतो ग्रॅम-दोन ग्रॅम. मण्यांबरोबर मिठाचा अल्पसा भाग जरी आला तरी अर्काचं वजन खोटं ठरतं, मास स्पेक्ट्रोमीटर आंधळा होतो आणि जिवाणूरोधक चाचणीत मीठच ‘औषध’ म्हणून चमकतं. म्हणून कापडावर गाळलेलं रेझिन निर्क्षारित पाण्याने धुवायचं, धुवणाचे चार थेंब काचेवर घ्यायचे, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. पांढरट गढूळ झालं की पुन्हा धुणं. पण फार धुतलं तर पाण्यात विरघळणारे रेणूही वाहून जातात, त्यामुळे कुठे थांबायचं हे हाताला कळावं लागतं. नंतर अॅसिटोन, दर लिटर कल्चरला अर्धा ते एक लिटर. सॉल्व्हंट उडवून लावणाऱ्या रोटाव्हॅपचं पाणी ४० अंशांच्या आत. उरलेल्या पाणीदार भागातून एथिल अॅसिटेटने रेणू ओढून घ्यायचा. मेथॅनॉलमध्ये आम्लाचा अंश राहिला तर मिथाइल एस्टर तयार होतात आणि कुणीतरी ते निसर्गाने बनवले असं समजून छापतं.

एवढ्या सगळ्यातून शुद्ध रेणू मिळतो तो अर्धा ते पाच मिलिग्रॅम. रचना ठरवायला एक-दोन मिलिग्रॅम, चाचण्यांना थोडा, पुढच्यासाठी काही नाही. म्हणजे पुन्हा २० लिटर. अॅसिटोनला ‘किरकोळ’ म्हणणाऱ्या अटीत हा दुसरा फेरा बसतच नाही आणि काम नेमकं रचनेच्या उंबरठ्यावर थांबतं.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या गटाने रेझिनच्या पिशव्या थेट समुद्रतळावर ठेवून, काहीही न वाढवता, कॅब्रिलोस्टॅटिनसारखा नवा रेणू पकडला. वाढवण्याची गरज संपली याचा पुरावा म्हणून हे काम समितीसमोर ठेवलं जाऊ शकतं, म्हणून आधीच बोलतो. पद्धत उत्तम आहे आणि आपल्या किनाऱ्यावर ती करून पाहायलाच हवी. मात्र रेणू मिळाला तरी तो कोणी बनवला हे पिशवी सांगत नाही. जास्त हवा असेल तर पुन्हा पिशव्या, पुन्हा समुद्र. बनवणारा सापडून वाढला तरच पुरवठा सुरू होतो. आपल्याकडे वर गढूळ पाणी, पिशवीवर चार दिवसांत चढणारं शेवाळ आणि रापणीचं जाळं, हेही हिशेबात धरावं लागेल.

यशाची मोजणी ही आणखी एक तक्रार. नव्या नियमात वर्षाला ‘क्रियाशील अर्कांची संख्या’ मागितली आहे. ही संख्या हवी तेवढी फुगवता येते. कांदळवनातल्या गाळातून बॅसिलस हमखास मिळतो आणि त्याचं सर्फॅक्टिन जवळजवळ प्रत्येक चाचणीत काहीतरी करून दाखवतं; मास स्पेक्ट्रममध्ये १००८, १०२२, १०३६ ही शिखरं चौदा-चौदाच्या अंतराने दिसली की समजायचं, जुनाच पाहुणा. लाल कॉलनी आणि ३२४ चं शिखर म्हणजे प्रॉडिजिओसिन, तेही जुनंच. यीस्ट अर्क आणि पेप्टोनमधून, ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत तयार होणारे डायकीटोपिपरॅझिन तर ‘सागरी जिवाणूचे नवे रेणू’ म्हणून किती निबंधांत छापले गेले, याचा हिशेब कधीतरी कुणीतरी करायला हवा. यावर उपाय एकच, तोही स्वस्त: जीव न टाकलेलं तेच माध्यम, तेच रेझिन, त्याच शेकरवर, तितकेच दिवस, आणि त्याचा अर्क बाकीच्यांबरोबर तपासायचा. हा कोरा नमुना आपल्या प्रगती अहवालाच्या नमुन्यात कुठेच मागितलेला नाही. ‘जुनाच निघाला म्हणून सोडून दिला’ असं लिहायलाही जागा नाही, आणि खरं सांगायचं तर चांगल्या प्रयोगशाळेचं वर्षाचं निम्मं काम तेच असतं.

राहिला फ्रीझर. सॅलिनिस्पोराचे जीव बहामाजवळच्या गाळातून १९८९ मध्ये पहिल्यांदा हाती आले. सॅलिनोस्पोरामाइड ए जगापुढे आलं २००३ मध्ये. वंशाला अधिकृत नाव मिळालं २००५ मध्ये. कर्करोगावरच्या पुढच्या चाचण्यांत सॅलिनोस्पोरामाइडने मेंदूच्या गाठीच्या रुग्णांना अपेक्षित फायदा दिला नाही, हेही लपवत नाही. मुद्दा हा की मधल्या चौदा वर्षांत कुणीतरी ते स्ट्रेन उणे ८० अंशांत सांभाळून ठेवले होते. दीड वर्षाचा प्रकल्प संपला, फ्रीझरचं बिल कुणाचं यावर फाइल फिरत राहिली, तर सांभाळणार कोण? असा फ्रीझर दिवसाला साधारण १० ते २० युनिट वीज खातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेला जनरेटर आणि त्याचं डिझेल ही गरज आहे.

जपणं म्हणजे नुसतं गोठवणंही नव्हे. स्ट्रेन पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर नेत राहिलात तर तो रेणू बनवणं सोडतो. स्ट्रेप्टोमायसिसच्या रेषीय गुणसूत्राची टोकं गळून पडतात आणि त्याबरोबर संचही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या पिढीतलीच कल्चर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, एकेका स्ट्रेनच्या अनेक कुप्या, आणि त्यातल्या काही वेगळ्या इमारतीत. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंदीगडचं एमटीसीसी हे सूक्ष्मजीव संग्रहालय ही दोन्ही पेटंटसाठीच्या बुडापेस्ट करारानुसार आंतरराष्ट्रीय ठेव केंद्रं आहेत. तिथे स्ट्रेन द्यायचा तर शुल्क, कागद, शुद्धतेची तपासणी आणि एका माणसाचा वेळ लागतो. नव्या जातीला वैध नाव द्यायला दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेव हवी, आणि परदेशी स्ट्रेन पाठवायला जैवविविधता कायद्यानुसार परवानगी हवी. हे सगळं दीड वर्षाच्या शेवटच्या महिन्यात उरकता येत नाही.

देशाने २०२१ मध्ये ४०७७ कोटींचं खोल समुद्र अभियान मंजूर केलं, त्यात समुद्रतळातल्या सूक्ष्मजीवांचा शोध स्पष्ट लिहिलेला आहे. गाळ वर आणायला जहाज आहे. तो गाळ वाढवून पाहणाऱ्या बाकावर मात्र आपण काट मारत आहात.

आमच्या मागण्या :

१. संवर्धनाचा भाग असलेल्या प्रकल्पांची मुदत पुन्हा ३६ महिने करावी, आणि ती पैसे हाती आल्याच्या तारखेपासून मोजावी.

२. संवर्धन हे स्वतंत्र सदर परत आणावं. रेझिन, सॉल्व्हंट, समुद्राचं पाणी आणणं-साठवणं आणि होडीभाडं त्यात धरावं. मोठ्या वाढीच्या दुसऱ्या फेऱ्याची तरतूद सुरुवातीलाच असावी.

३. प्रत्येक प्रकल्पात किमान एका प्रशिक्षित तंत्रज्ञाचं पूर्ण मुदतीचं वेतन असावं. हंगामी विद्यार्थ्यावर तीन महिन्यांच्या प्लेट सोपवता येत नाहीत.

४. ज्या स्ट्रेनवर निष्कर्ष बेतला आहे तो राष्ट्रीय संग्रहात ठेवल्याशिवाय अंतिम अहवाल स्वीकारू नये. ठेवीचं शुल्क आणि प्रकल्पानंतर पाच वर्षांचा फ्रीझर-जनरेटर खर्च समितीने द्यावा.

५. प्रगती अहवालात कोऱ्या माध्यमाचा नमुना, मास स्पेक्ट्रमचा मूळ डेटा आणि ‘जुना रेणू म्हणून सोडला’ अशा नोंदी सक्तीच्या कराव्यात. क्रियाशील अर्कांच्या संख्येची अट काढून टाकावी.

६. सुधारित अटी चालू प्रकल्पांना लावू नयेत. ऑक्टोबरात लावलेल्या प्लेट जानेवारीत वाचायच्या असतात. मध्येच सदर बंद झालं तर त्या फेकून द्याव्या लागतील.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे पत्र घ्यावं आणि निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती. समितीतल्या कुणाला अंदाजपत्रकाचे आकडे प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहायचे असतील, तर फ्लास्क, रेझिन आणि वीजबिलं तिन्ही दाखवायची आमची तयारी आहे.

आपले,
कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर सागरी सूक्ष्मजीवांवर काम करणारे संशोधक, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी